काळो पडलो

बाबा, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज सकाळपासून मी तुमच्यावर संतापलेलो आहे. उद्या बिलियर्डसारख्या त्या पूल खेळाच्या व्यावसायिक स्पर्धेचा अंतिम सामना आहे. लोक तो मोबाइलवर बघत मराठीतून ऐकतात, आणि बोलणारे आम्ही दोघं: मी आणि सुर्ल्याची एक बाई. तिशीची आहे, स्वतः उत्तम खेळते. काल आठ नंबरचा काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी थांबला, डुगडुगला आणि आत गेला, तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "काळो पडलो!" झालं. आधी मराठी शिका, असे निरोप धडाधड येऊ लागले. आज आयोजकांनी मला बजावलं, तिला समज द्या, नाहीतर उद्या तिची खुर्ची रिकामी राहील. समज कुणी द्यायची, तर मी! ते बोलत होते आणि मला समोर तुम्ही दिसत होतात, शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेले.

समालोचन तुम्हीच मला शिकवलंत, हे नाकारण्याइतका मी कृतघ्न नाही. पेडण्यापासून डिचोलीपर्यंत काहीही असो, फुटबॉलचा सामना असो की नाट्यस्पर्धा, माईकवर धारगळचे मास्तर. "लोकांना डोळे आहेत, त्यांना दिसत नाही ते सांग," असं तुम्ही म्हणायचात, आणि पूलमध्ये तर हे अक्षरशः खरं. रंगीत चेंडू भोकात गेलेला शेंबडं पोरही बघतं. खेळ असतो पांढऱ्या चेंडूचा. तो कुठे जाऊन थांबणार आणि तिथून पुढचे दोन फटके कसे सुटणार, हे आधी सांगता आलं तर माईक धरावा. खेळाडूने जो सोपा फटका सोडून दिला तो का सोडला, हे सांगावं. चुकला तर लगेच शहाणपण पाजळू नये, त्याला आपल्या खुर्चीपर्यंत जाऊ द्यावं. आणि खेळाडू काठी घेऊन मेजावर वाकला की तोंड बंद, मग घराला आग का लागेना. हे सगळं मी तुमच्या त्या एका वाक्यातून काढलं. म्हणून तर राग जास्त येतो.

राजभाषा मराठी असावी की आपली बोली, हा वाद पेटला होता ते दिवस. मी डिचोलीला खाणीच्या हपिसात कारकून. आमच्या क्लबात पूलचं मेज होतं, बंदरात खनिज न्यायला आलेल्या कुठल्याशा परदेशी बोटीवरून उतरवलेलं. एका रविवारी दुपारी दोन व्यावसायिक खेळाडू पाहुणे म्हणून आले, एक मुंबईचा, एक बेळगावचा. खोलीत मावतील तेवढी चाळीस माणसं आत, आणि बाकीचे व्हरांड्यात आणि अंगणात: सुर्ल्याचे ट्रकवाले, मुळगावचे शेतकरी, कोल्हापूर-बेळगावकडून कामाला आलेले लोक. त्यांना मेज दिसत नव्हतं, कर्ण्यातून येणारा माझा आवाज तेवढा होता. तुम्ही शेजारच्या कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसलेले, पाहुणे म्हणून. तास-दीड तास मी बोलतो आहे, तुम्ही मान डोलावता आहात, माझी छाती फुगली आहे. शेवटच्या डावात काळा भोकाच्या काठावर येऊन उभा राहतो. बाहेर चिटपाखरू हलत नाही. तो आत जातो आणि मी आमच्या घरच्या बोलीत ओरडतो, "काळो पडलो!" काय आरोळी उठली, बाबा! न पाहताच सगळ्या अंगणाने तो चेंडू पाहिला होता.

आणि तुम्ही उठलात. माझ्या हातातून माईक काढून घेतलात आणि म्हणालात, "क्षमा असावी. काळा चेंडू पडला. आपली भाषा मराठी आहे." अहो, तुमच्या मराठीत नुसतं 'काळा पडला' म्हणजे माणूस उन्हाने रापला! अर्ध्या लोकांनी टाळ्या पिटल्या, अर्ध्यांनी शिव्या दिल्या, एक बाकडं आडवं झालं. कोल्हापूरकडचा एकजण समजावत होता, "पडलो काय नि पडला काय, गेला न्हवं आत?" त्याला ढकलून दिलं. मेजाशी ते दोन खेळाडू एकमेकांचा हात हातात घेऊन गांगरून उभे होते, त्यांच्याकडे बघायला कुणी शिल्लक नव्हतं. फाटकापाशी एका ट्रकवाल्याने मला गाठून विचारलं, "पूण जिखलो कोण रे?" कोण जिंकला ते माझ्याकडून सांगायचंच राहून गेलं होतं. लोकांना दिसत नाही ते सांगायचं ना? मग त्या दिवशी ते कुणी सांगू दिलं नाही, मास्तर?

एवढ्यावर थांबला असतात तरी मी विसरलो असतो. तुम्हांला मराठी प्रिय होती, मलाही आहे, आयुष्यभर मी तिचंच खाल्लं. पण घरी तुम्ही कोण होतात? मी कामावरून आलो की स्वयंपाकघरातून तुमची हाक यायची, "आयलो रे? हात धू, पेज निवता." त्या रविवारनंतर ती हाक बंद झाली. दुसऱ्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "आलास? हात धू, पेज निवते आहे." आईने हातातला डाव खाली ठेवला आणि विचारलं, "कितें जालें तुमकां?" पुढे नऊ वर्षं माझ्याशी तुम्ही पाठ्यपुस्तकासारखे बोललात, आणि मीही हट्टाने तसंच बोललो. एक शब्द चुकला म्हणून तुम्ही माझ्याकडून माईक घेतलात, तो मी परत मिळवला. बाप मात्र परत मिळाला नाही.

त्या बाईला मी काही सांगणार नाही. दुपारी आयोजकांना कळवून टाकलं, तिची खुर्ची गेली तर माझीही न्या. उद्या काळा आत गेला की तिला वाटेल ते तिने ओरडावं, मी गप्प बसेन.

एवढंच लिहून थांबणार होतो. पण तुम्ही पडलात त्या शेवटच्या सकाळचं राहिलं. आई देवळात गेली होती. मी बाहेरच्या खोलीत टीव्हीवर सामना बघत होतो. स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं आणि तुमचा आवाज आला, "पडलो!" सगळ्यांना मी सांगितलं की मला ऐकूच आलं नाही. ऐकू आलं होतं, बाबा. मला वाटलं, तांब्या पडला, आणि नऊ वर्षांनी तुमच्या तोंडून आपला शब्द निसटला. पुढे आणखी काही बोलता का, म्हणून मी कान देऊन बसून राहिलो. मी जिंकलो म्हणून हसत होतो.