खिळ्यावरची पट्टी

१२ जून

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. वहिनींनी दिलेला डबा गाडीत उघडला, पण तसाच झाकून ठेवला. डोळ्यांपुढे तुझी लेक भिंगरी होती.

इस्त्री ती गिऱ्हाइकाच्या कोटावर विसरली, बाही करपली, तुझं नुकसान झालं, सगळं मान्य. पण नऊ वर्षांची पोर ती. तू नुसतं पाहिलंस आणि ती उठली, खिळ्यावरची कापड मोजायची लाकडी पट्टी काढून तुझ्या हातात दिली आणि पाठ करून उभी राहिली. पोटरीवरचा एक वळ फुटला, रक्त मोज्यात उतरलं. मग तिनेच पट्टी पुसून जागेवर लावली आणि चुकले म्हणाली.

ज्याने मार खायचा त्यानेच पट्टी आणायची, ही आपल्या अण्णांनी लावलेली रीत. त्या पट्टीला मधोमध चीर आहे, ती तुझ्या पाठीवर पडलेली. तेलाची बाटली माझ्या हातून फुटली होती, आणि ‘मीच फोडली’ असं सांगून तू पुढे झालास. भिंगरीच्या वाट्याचा मार खायला तिला भाऊ नाही रे.

मी रोज परक्या आईबापांना समोर बसवून सांगते की मुलांवर हात उचलू नका. ते माना डोलावतात. तू निदान एकदा डोलाव.

रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


२० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं, फुकटात व्याख्यान झालं. बाईसाहेब, आपल्या घरातली पहिली पदवी तुझी. तिची तसबीर ज्या भिंतीवर मी लावली, त्याच भिंतीवर पट्टीचाही खिळा आहे. पट्टी नसती तर तसबीरही नसती.

कापड इस्त्रीचा चटका सोसतं तेव्हाच घडी धरतं. अण्णांनी मला तुळईला उलटं टांगलं होतं, मी मेलो का? परवा कार्टी खोटं बोलली, कान पिरगाळला, तो सुजलाय. लपवत नाही, कळवतोय. तुला स्वतःचं पोर होईल तेव्हा बघू. तोवर लोकांची वळव.

प्रकृतीला जप. भांडलीस तरी माझीच आहेस.

तुझा,
दादा


२४ जून

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दादापुढे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून तुम्हाला लिहिते. आमच्या पालकांच्या बैठकीतला पहिला धडा असा, की मारायची वस्तू हाताशी राहू द्यायची नाही. शोधण्यात वेळ जातो, तेवढ्यात राग उतरतो. पट्टी कुठेतरी लपवा. दादाकडे दुसरी आहे कापडाला, काम अडणार नाही.

भिंगरीचा पापा घ्या, आणि मला विसरू नका.

तुमची,
धाकटी


२ जुलै

चि. धाकट्या वन्संस,
आशीर्वाद.

तुम्ही सांगितलंत तशी पट्टी गाद्यांच्या चळतीत सरकवली. काल भिंगरीने जाकिटाला बटणं उलट्या बाजूने लावली. हे पट्टी आण म्हणून ओरडले. पोर खिळ्याकडे गेली. पट्टी नाही. मशीनखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. यांचा आवाज चढत होता. मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

उशीर झाला की मार वाढतो, एवढंच तिला ठाऊक. ती दाराकडे धावली आणि दुकानाचं शटर ओढायची लोखंडी सळई दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. यांनी न बघता घेतली आणि न बघता घातली. तिने हात आडवा केला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. जिथे वाकू नये तिथे हात वाकला. ती रडलीसुद्धा नाही. चुकले, पट्टी सापडली नाही, असं म्हणाली आणि मग खाली कोसळली.

डॉक्टरांना हे जिन्यावरून पडली म्हणाले. मी पहिल्यांदा यांच्यासमोर तोंड उघडलं आणि खरं ते सांगितलं. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलंय. आता घरात कोणी कोणाशी बोलत नाही. तुम्हाला बोल लावत नाही, पण या. उशीर करू नका.

तुमची,
वहिनी


५ जुलै

दादा,

नमस्कार लिहायला हात उचलत नाही. मला वाटलं, मार त्या लाकडात आहे, लाकूड लपवलं की संपला. तो तर पोरीच्या अंगात मुरलाय. माझ्याही. हे लिहिताना तीच सळई तुझ्या पाठीवर तुटेस्तोवर घालावी असं वाटतंय. हे मी कॉलेजात शिकले नाही.

रविवारी येते, दोघींना न्यायला. आडवा आलास तर थेट पोलिसांत जाईन. माझ्यासाठी पाठ फोडून घेणारा भाऊ, म्हणूनही सोडणार नाही.

धाकटी


८ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद द्यायचा मान उरला असेल तर अनेक आशीर्वाद.

आडवा येणार नाही.

काल माझ्याकडून कोटाची पाठ उलटी कापली गेली. अख्खं कापड वाया. मी स्वतःलाच शिवी हासडली. भिंगरी प्लास्टरच्या हातासकट उठली. हात मोडल्यावर कधीतरी आईला गाद्या उलथताना तिने पाहिलं असावं. तिने पट्टी काढून आणली आणि माझ्यासमोर धरली. या वेळी पाठ केली नाही. चूक तर तुमची आहे बाबा, मग मारायचं कोणी, असं तिने विचारलं. चेष्टा नव्हती गं. पोर खरंच विचारत होती.

मी पाठ केली आणि तूच मार म्हणालो. तिने पट्टी खाली ठेवली. नको, लागतं, म्हणाली.

लागतं. एवढं आपल्या घरात आजवर कोणी कोणाला म्हटलं नव्हतं.

दोघींना ने. मी बोलावीन तेव्हा नको, भिंगरी म्हणेल तेव्हाच आण. तुझ्या बैठकीत मागच्या रांगेत एक खुर्ची ठेव. मान डोलवायला येत नाहीये, शिकायला येतोय. हात शिवशिवतो अजून, खोटं कशाला सांगू?

पट्टी मोडून टाकणार होतो. पण मोडली की कडकन आवाज होईल, आणि आतल्या खोलीत ती निजली होती. म्हणून तशीच दुकानात नेऊन टाकली. खिळा तेवढा काढला. हातोडी घेतली नाही, पकडीने हलवत हलवत, आवाज न करता काढला.

माझ्यासाठी लोभ मागत नाही. उरला असेल तो तिला दे.

दादा