कॉर्नक्रेकच्या पाठीवरचे वजन

प्रिय डेक्लन,

मी, मॅलॅकी टुही, वय सत्तावन्न, वाणिज्य पदवीधर, शर्यत मंडळाचा वजन-निर्धारक आणि तुझा थोरला भाऊ, एका विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सेंट स्टीफनच्या दिवशी, किलड्रॉनला होणाऱ्या अडथळ्यांच्या शर्यतीतून तुझ्या लॅपविंग घोडीचे नाव तू मागे घ्यावेस.

तुझ्या ब्रीडाची प्रकृती बरी असेल, अशी आशा आहे. आईच्या दफनविधीत आपण कबरीच्या दोन बाजूंना उभे होतो, त्यामुळे विचारता आले नाही. तुझ्या कोनलच्या कमरेच्या हाडात बसवलेली धातूची पट्टी थंडीत दुखते, असे पाद्रीबाबांकडून कळले. तरीही लॅपविंगवर तोच बसणार आहे, हेही कळले.

तुझ्या तबेल्यात आता शर्यतीजोगी तीच एक आहे, याची मला जाणीव आहे. पण ती तिच्या भावापेक्षा हाडाने बारीक आहे आणि किलड्रॉनचा चिखल तुला ठाऊक आहे.

तिच्या भावाविषयी लिहिणे मी चार वर्षे टाळले. कॉर्नक्रेक एकवीस शर्यती धावला आणि बारा जिंकला. पहिल्याच शर्यतीत त्याने कोनलला खंदकात टाकले आणि पाठीवर कोणी नसताना सगळ्यांच्या पुढे राहून ती पुरी केली. तू हसून म्हणाला होतास, "बघ मॅलॅकी, याला तुझ्या वजनाचीच अडचण आहे." त्यानंतर तो जिंकत गेला आणि मी त्याच्या खोगिराखाली शिसे वाढवत गेलो. चांगल्या घोड्यावर जास्त वजन घालून सर्वांना समान संधी देणे हे माझे काम आहे. तू कधी तक्रार केली नाहीस.

चार वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात माझे गणित अकरा स्टोन बारा पौंड सांगत होते. मी दोनदा तपासले. संध्याकाळी मॅक्गानच्या गुत्त्यात डॅनो कीनने सर्वांदेखत विचारले, "घोडा टुहीचा, वजन टुहीचं. मग आम्ही कशाला येतो रे, टाळ्या वाजवायला?" सगळे हसले. मी घरी आलो आणि बारा स्टोन एक पौंड लिहिले.

तीन पौंड जास्त. लोण्याची तीन पुडकी. त्यांनी घोडा मरत नाही, असे मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे. शेवटून दुसऱ्या अडथळ्यापर्यंत तो सर्वांच्या पुढे होता. तेथे त्याचे पुढचे पाय अर्ध्या वितीने कमी उचलले गेले. अर्ध्या वितीचा हिशेब मला मांडता येत नाही.

पडलेल्या घोड्याभोवती लावलेल्या पडद्यामागून गोळीचा आवाज आल्यावर कोनल लंगडत वजनाच्या खोलीत आला. खोगिराखालच्या शिशाच्या पट्ट्या त्याने माझ्या टेबलावर एकेक करून ठेवल्या आणि म्हणाला, "काका, हे तुमचं. मोजून घ्या."

मी मोजून घेतल्या. वजन बरोबर भरले.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. तुझ्या तबेल्यातल्या घोड्यांचे वजन दुसऱ्या कोणाकडे द्यावे का, असे मंडळाने मला त्या शर्यतीआधीच विचारले होते. मी गरज नाही असे कळवले. टुही आपल्या भावालाही सोडत नाही, असे लोकांनी म्हणावे, अशी माझी इच्छा होती. लोक तसे म्हणतात.

उद्या वजने जाहीर होतील. लॅपविंगला दहा स्टोन बारा पौंड मिळाले आहेत. माझे गणित दहा स्टोन नऊ सांगत होते. त्या वेळी तीन पौंड वाढवले आणि आता वाढवले नाहीत, तर या वेळी मी भावाला झुकते माप दिले, असाच अर्थ निघेल.

म्हणून विनंती. पाय सुजला असे कळव. मी पशुवैद्याचा दाखला मागणार नाही.

तू विचारशील, आकडा बदलणे सोपे नव्हते का? होते. काल रात्रीपर्यंत वेळ होता. आज सकाळी मी यादी मंडळाच्या हाती दिली, पावती घेतली आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

ज्याला भाऊ म्हणणे तू सोडले आहेस तो,
मॅलॅकी टुही
वजन-निर्धारक

किलड्रॉन,
बुधवार, १४ डिसेंबर १९८३