नळीतला पक्का लाल

मोहाडी,
कोजागिरी झाल्यावर, सन १९७८

तीर्थरूप सौ. सत्यभामाबाईस धाकट्या टिकारामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मधुकरराव भाऊजींलेही नमस्कार, अन् त्यांच्या दुकानासमोर लाखनीच्या सडकेवर ट्रकवाले अजून भांडून राहिले असतील तर त्यांलेही. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. तुझ्या तळपायाच्या मुंग्या थांबल्या का? पाण्याचा तांब्या अजून उशाशीच ठेवते का? राखीले आलो तेव्हा तू मले दारात पाहून दूधवाला समजली अन् दुधाचा गंज पुढे केला, ती गोष्ट मी इथं साऱ्या गल्लीले सांगितली होती. लोक पोट धरून हसले.

पत्राचं कारण असं की मले बिमारी निघाली. घाबरू नको, बसून वाच. (बसलीच असशील तर उठू नको.) झालं असं की मृगापासून मले मागावर एका तारेच्या दोन तारा दिसू लागल्या. एका लुगड्याच्या काठात रुईफुलाच्या जागी असं काही निघालं की तुमसरच्या व्यापाऱ्यानं ते आधी सुलटं पाहिलं, मग उलटं धरलं, अन् मग मले विचारलं की हा मोर आहे का कोंबडा. कोष्ट्याचे डोळे गेले म्हणजे बाकीच्या कोष्ट्याचं काय करायचं, तूच सांग. मी मनातून पुरा भिऊन गेलो. तुझी भावजय दुर्गाही भ्याली, पण तिले भीती वाटली की ती रागावते, म्हणून रागारागानंच तिनं मले तुमसरच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं डोळे पाहायचे सोडून माझी लघवी मागितली. मी म्हटलं, साहेब, तिकडून मले दिसत नाही. तो हसला नाही. लघवी तपासून म्हणे, साखरेची बिमारी आहे, डोळ्यांचं मूळही तेच.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. कंपाउंडरनं गोळ्या, निळ्या पाण्याची बाटली अन् एक काचेची नळी माझ्या हातात कोंबली. रोज सकाळी नळीत निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळायचं, कोणता रंग येते ते पाहायचं अन् पुढच्या खेपेले सांगायचं. कोणता रंग चांगला अन् काय खायचं नाही, हे तो बोलला नाही अन् मी विचारलं नाही. आपला बाप जिंदगीभर रंगाच्या हंड्यावर उभा राहिला, त्याच्या पोरानं रंगाचं कंपाउंडरले काहून विचारायचं? निळं पाणी निळंच राहिलं म्हणजे रंग बसला नाही, अन् उकळून लाल आलं म्हणजे बसला, एवढं तर आपल्या घरच्या मांजरीलेही समजते. अन् पहिल्या दिवशी माझ्या नळीत आला हिरवट पिवळा, फिका, दोन धुण्यात उतरून जाईल असा. मले खरंच शरम वाटली.

शेजारचे भय्याजी रंगारी (वय झालं, पण सल्ला अजून ताजा देतात) यांनी नळी उजेडात धरून पाहिली अन् निकाल दिला की मसाला कमी पडून राहिला. कोणता मसाला, ते पोळ्याले समजलं. त्या दिवशी मी पुरणपोळ्या पोटभर हाणल्या, अन् दुसऱ्या दिवशी नळीत झकास नारिंगी! मग काय विचारतेस. सकाळी गुळाची खीर, दुपारी भातावर गूळ, संध्याकाळी नुसताच गूळ. दुर्गा बिचारी औषध समजून वाढून राहिली. महालक्ष्म्यांचा प्रसाद झाल्यावर नळीत असा दाट विटकरी लाल उतरला की पाहायले गल्ली लोटली. गल्लीतल्या आनंदाबाईनं तर पोरीच्या लग्नाच्या लुगड्याले हाच रंग पाहिजे म्हणून हट्ट धरला. डोळे तेवढे आणखी धुरकट झाले होते, पण मी म्हटलं औषध आतून लढून राहिलं.

ती नळी मी बूच लावून, फडक्यात गुंडाळून डॉक्टरच्या टेबलावर ठेवली. त्यानं विचारलं, हा रंग आणला कसा? मी म्हटलं, मेहनतीनं, साहेब. त्यानं चष्मा काढला, पुसला, कंपाउंडरले आत बोलावलं, अन् त्याले जे बोलला ते थोरल्या बहिणीले लिहिता येत नाही. मग मले जवळ बसवून त्यानं समजावलं की निळं तेच चांगलं, लाल म्हणजे साखरच साखर, अन् असंच चालवलं तर आधी डोळे जातील, मग पाय. मी तिथंच रडलो, बाई. मले मागाशिवाय दुसरं काही येत नाही.

आता धानाच्या मुलखात राहून मी ज्वारीची भाकर खातो. भात मिळते, पण देवाच्या नैवेद्याएवढा. गुळाचा डबा कुलपात अन् चावी दुर्गाच्या मंगळसूत्रात, म्हणजे नवरा जिवंत आहे तोवर ती काही हाती लागत नाही. सकाळी कारल्याचा रस, मग चौंडेश्वरीच्या देवळापर्यंत चालणं. भय्याजीही सोबत येतात, चुकीच्या सल्ल्याचं प्रायश्चित्त म्हणून (अन् वाटेत नवे सल्ले देतात). हळूहळू रंग उलटा उतरत गेला, नारिंगी, हळदी, हिरवा, अन् परवा सकाळी पाणी निळंच्या निळं. दुर्गाले इतका आनंद झाला की तिनं साऱ्या गल्लीत साखर वाटली. मले सोडून. पण खरं सांगतो, आता मले एक तार एकच दिसते, रुईफूल रुईफुलासारखं निघते, अन् मी सुखात आहो.

भाऊबीजेसाठी तुझं लुगडं मागावर आहे. नळी समोर ठेवून सूत रंगवलं, हुबेहूब तोच निळा. मुलांले आशीर्वाद, भाऊजींची तब्येत सांभाळ.

तुझा,
टिकाराम

ता. क. लुगडं घेऊन आमचा पोरगा भोजराज एस.टी.नं आधीच येईल. लुगड्याच्या घडीत एक बाटली अन् नळी असेल, ते अत्तर नाही. बाई, मले नळीचा रंग समजला तेव्हापासून तुझा तांब्या अन् तुझ्या मुंग्या डोळ्यासमोरून हलत नाहीत. दूधवाल्याची गोष्ट सांगायची मी बंद केली. मागाच्या फणीत तार ओवायले तूच मले शिकवलं होतं. हात जोडतो, उकळून पाहा. हे एवढंच लिहायचं होतं, बाकीचं सारं तू पत्र फेकून देऊ नये म्हणून लिहिलं.

ता. क. आणखी एक. निळं आलं तर भाऊबीजेले अनारसे कर, मी वास घेईन. लाल आलं तर करू नको, मी इकडून कारली घेऊन येतो, दोघं तोंड वाकडं करून जेवू. रंग कोणताही येवो, मी तुले डॉक्टरकडे घेऊन जाईन. फक्त दारात उभा दिसलो की गंज आणू नको, ओवाळायचं ताट आण.