बाबांच्या जेवणाची वेळ

दादा,

अंथरुणावर पडल्यापासून बाबा काही मागत नाहीत. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले की मी त्यांना भरवायची. वजन कमी करायचं इंजेक्शन सुरू केलं आणि माझी भूकच मेली. डॉक्टर म्हणाले, "आतड्यातल्या हार्मोनसारखंच आहे हे. पोट भरलंय, असं मेंदूला सांगत राहतं."

काल संध्याकाळी बाबा चादरीचं टोक चघळत होते. सकाळपासून मी त्यांना घासभरही दिलं नव्हतं, रे.

हे कळलं तर तू त्यांना घेऊन जाशील, म्हणून पत्र कपाटातच ठेवणार आहे. आजपासून मोबाईलवर गजर लावलाय. मघाशी तो वाजला. मी बंद केला आणि लिहीतच बसले. त्याला तास झाला, दादा.

उठतेच,
छोटी