हैदरी गन वर्क्सचं दप्तर

२ ऑक्टोबर १९७८
निश्चय. १९ नोव्हेंबरला मराठी मंडळात माझं व्याख्यान: 'आजोबांची बंदूक'. आजोबा पंढरीनाथ साताऱ्याहून लखनौला आले, हैदरी गन वर्क्समध्ये मिस्त्री झाले. भिंतीवरची दुनळी त्यांनीच घडवली. शेजारचा गुप्ते म्हणतो, नळ्या विलायती आहेत, तुमच्या आजोबांनी फार तर तेल लावलं असेल. कारखाना कधीच बंद पडला. दप्तर गायब. ते मिळालं की गुप्ते संपला. आजोबांचा एक फोटोही नाही आमच्याकडे. नाव कुठे लिहिलेलं असेल तर तिथेच.
कामाला उद्यापासून सुरुवात. आज सुट्टी आहे.

८ ऑक्टोबर
नखासच्या जुन्या बाजारात जाऊन आलो. कारखान्याच्या मालकांचा नातू लियाकतसाहेब तिथे घड्याळं दुरुस्त करतो. त्याच्या दुकानासमोर उभं राहून 'राष्ट्राची स्मृती' या विषयावर बोललो. गर्दी चांगली. तो दोनदा म्हणाला, हुज़ूर, ज़रा मेरी भी सुनिए. मी हात वर केला. भाषण तोडायचं नसतं. समारोप झाला आणि बस आली. चढता चढता आमच्या मानक नगरच्या घराचा पत्ता फेकला: दिवाळीआधी दप्तर हजर करा! टाळ्या.

१४ ऑक्टोबर
दप्तर नाही. इंग्रजांनी लंडनला नेलं असणार. लंडनला कडक पत्र लिहिलं. पोस्टात टाकायचं आहे.

२१ ऑक्टोबर, संध्याकाळ
व्याख्यानाचा तिसरा परिच्छेद ('दप्तर कोणी गिळलं?') ऐन रंगात आणि बायको, सुलभा, दारात. कुणी रिक्षावाला दोन गोण्या जुने कागद टाकून गेला म्हणे, नखासहून की कुठून. मान न वळवता म्हटलं, किल्ल्याला घ्या. यंदा दिवाळीचा किल्ला मोठा हवा. कॉलनीतली आपली पोरं मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देतात. इतिहास निदान अंगणात तरी दिसावा.

२४ ऑक्टोबर
लगदा उत्तम. कागद जुना, जाड, सगळा उर्दूत. आता असा कागद मिळत नाही. उल्का म्हणाली, पापा, इसमें तो बंदूकें बनी हैं. कसला तरी कॅटलॉग असणार. म्हटलं, एखादं चित्र बुरुजावर चिकटव, शोभेल. मुलीला दृष्टी आहे. मराठी नाही.

३१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
किल्ला माझ्या छातीपर्यंत. समोरच्या मिश्राभाभींनी विचारलं, भाईसाहब, ये कौन-सा मंदिर है? त्यांना अफजलखानापासून सांगावं लागलं. त्यांचं दूध उतू गेलं.

५ नोव्हेंबर
दप्तर नाही. सरकारनेच दडपलं असणार. हे व्याख्यानात नको. नोकरी सरकारी, त्यात यंदा प्रमोशन आहे.

१२ नोव्हेंबर, तुळशीचं लग्न
शेवटी किल्ला सुतळी बॉम्ब लावून उडवायचा ही आमची रीत. अख्ख्या कॉलनीत हे फक्त आम्हीच करतो. वात पेटवायचा मान माझा. आधी दोन शब्द बोललो: गड पुन्हा बांधता येतात, दप्तर पुन्हा लिहिता येत नाही! गुप्तेने टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच. मग धडाका. एक बुरूज उरला. मिश्राभाभींची काच गेली.

१६ नोव्हेंबर
बॉम्बच्या धुराने घसा बसलेला. अशात लियाकतसाहेब आला. बोलायला उभा राहिलो, आवाज फुटेना. खाली बसलो. तो बोलला.
त्या दिवशीच सांगणार होता म्हणे, आप साँस ही नहीं लेते. दप्तर त्याच्या माळ्यावर होतं. दोन गोण्या पाठवल्या, पहुँच गईं न? पाठवण्याआधी चाळल्या होत्या. पंढरीनाथ मिस्त्री सातारावाले, हे नाव जागोजाग आहे. दुनळीसुद्धा त्यांचीच. नळ्या इथेच ओढलेल्या.
मग जरा संकोचून म्हणाला, एक बार देखने दीजिए. पानापानावर त्याच्या आजोबांची सही आहे. घरी दुसरं काही उरलेलं नाही.
सुलभाने अंगणाकडे पाहिलं. मी पाहिलं. मग त्यानेही पाहिलं. बुरुजावर उल्काने चिकटवलेलं चित्र होतं. त्यातला चाप तेवढा शिल्लक.
तो म्हणाला, अच्छा. चहा संपवला. कप स्वतः आत नेऊन ठेवला.

१७ नोव्हेंबर, सकाळ
विशेष काही वाटत नाही. थंडी आहे.
व्याख्यान रद्द केलेलं नाही. विषय बदलला: 'किल्ल्यांचं जतन'.
सुलभाने विचारलं, उरलेला बुरूज बंबात घालू का? आवाज अजून नाही. मान हलवली. कशी हलवली ते मलाही नक्की सांगता येणार नाही.
पाणी चांगलं तापलं होतं. आंघोळ केली.