साइडकारमधलं वजन

क्लेमेंट,

बाबांचा कारखाना तू विकायला काढलास, आणि सख्ख्या बहिणीला ते घेणाऱ्यांच्या तोंडून कळावं? लंडनला जाऊन लाज विकून खाल्लीस का?

काल ती दोन माणसं बर्मिंगहॅमहून आली. आपल्याकडे प्रत्येक नवी मोटरसायकल चर्चच्या चढावर नेऊन बघतात आणि साइडकारमध्ये वजन म्हणून मी बसते, हे पाहून ते हसले. एक म्हणाला, "बाई, वाळूचं पोतं ठेवा की!"

इनॉक मिस्त्री म्हणाला, "पोतं शिव्या देत नाही, साहेब. हिल्डाबाई ओरडल्या की मी गाडी परत खोलतो."

मग मी त्या साहेबालाच आत बसवला. गाडी अशी चढली म्हणून सांगू! एका दमात, इंजिन कुठं कुरकुरलं नाही. वर पोचल्यावर तो टाकीवरून नुसता हात फिरवत राहिला. तरी म्हणालाच, "कारखान्याचं नाव तेच ठेवू, पण ही चढाची चाचणी परवडायची नाही." मग ती आपली गाडी कशी रे?

हे पत्र पेटीत टाकायला अजून हात होत नाही. पण टाकलं, तर गुरुवारपर्यंत उत्तर हवं. ते म्हणाले तशी शनिवारी विक्रीच्या कागदांवर सही करणार आहेस का?

तुझीच, अजून तरी,
हिल्डा