आईच्या घरची पाहुणी

प्रसितदादा,

तू फोनवर विचारलंस, "आई ओळखते ना तुला?" मी हो म्हणाले. नाही ओळखत रे.

सकाळी तुरुंगातल्या बायकांना, दुपारी इस्पितळात कॅन्सरच्या रोग्यांना मी शिकवते: दुःखाशी झगडू नका, श्वासाकडे लक्ष द्या, दुःखाला शेजारी बसू द्या. घरी मात्र रोज आईशी भांडायचे, "अगं, मी तुझी मुलगी!"

आज तिनं पुन्हा विचारलं, "कोण गं तू?"

भांडायचं त्राणच नव्हतं. म्हटलं, "मी मालई. बसू का जरा?"

"बस की. किती दमलीस!" तिनं चिकट भाताचा घास करून मला भरवला. "खा, आणि घरी जा. आई वाट बघत असेल तुझी."

मी जेवले आणि तिथंच बसून राहिले.

हे तुला पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन: सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, ये. तेवढं पुरे.

मालई